पहिल्या पावलाची माती

आमच्या जानुबाईवाडीत माणूस लढाईवरून परतला की बायको त्याला लगेच ओवाळत नाही. आधी म्हातारे पुढे होतात, हात पसरतात आणि विचारतात, "आणलीस का?"

विचारायचं असतं ते मातीबद्दल. जानुबाईच्या देवळापुढे एक चौथरा आहे. आमच्या खापरपणजोबांच्या पिढीतली माणसं मेसोपोटेमियात लढायला गेली, ती येताना तिथली चिमूटभर माती घेऊन आली आणि गावच्या चिखलात कालवून त्यांनी हा चौथरा लिंपला. तेव्हापासून जी जी लढाई झाली, तिची माती त्यात गेली. ब्रह्मदेश, इटली, काश्मीर, सगळं तिथे एकत्र नांदतं आहे. गावाला दुसरं काही नाही. धड पाणी नाही, रस्ता नाही, मुली द्यायला लोक कुरकुरतात. पण त्या चौथऱ्यावर चपलेचा पाय ठेवायची कुणाची छाती नाही.

मातीचा नियम एकच. परक्या भूमीवर पहिलं पाऊल जिथे पडेल, तिथलीच माती उचलायची. हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि पाळत कुणीच नाही. गोळ्या सुटत असताना वाकून माती कोण उचलणार? बहुतेक जण परतायच्या दिवशी छावणीच्या फाटकापाशी वाकतात, मूठभर खरवडतात आणि पुडी बांधतात. विचारणारे म्हातारेही फाटकावरची माती आणूनच म्हातारे झालेले, त्यामुळे कुणी खोलात शिरत नाही.

नियम पाळणारा गावात एकच, माझा थोरला भाऊ सुहास. लहानपणी लंगडी खेळताना याचा पाय रेषेवर पडला की कुणी बघितलेलं नसलं तरी "मी बाद" म्हणून हा बाजूला व्हायचा आणि आमच्या अख्ख्या डावाचा विचका करायचा. फौजेत गेला तरी सुधारला नाही. मारुआच्या मोहिमेवरून आला तेव्हा त्याची फुप्फुसं भाजलेली होती, जिना चढताना तो दोनदा थांबत होता. पण खिशात पितळी डबी होती, तोंडाला मेण लावून बंद केलेली.

"बोटीतून उतरलो, पहिलं पाऊल टाकलं, तिथलीच," दादा म्हणाला.

आणि म्हाताऱ्यांनी ती घेतली नाही.

मारुआ हा हिंदी महासागरातला एक बेटांचा देश. तिथल्या सरकारचं बंडखोरांशी जुंपलं होतं. एका संध्याकाळी बातमी आली की सरकारने तिरंबा नावाच्या वस्तीवर क्लोरीन वायू सोडला, आणि तोही तिथल्याच जलशुद्धीकरण केंद्रातल्या टाक्यांमधून. एक चित्रफीत जगभर फिरली. दुसऱ्या दिवशी पहाटे अनेक देशांची संयुक्त फौज तिरंब्याच्या किनाऱ्यावर उतरली. उतरण्याआधी किनाऱ्यालगतच्या त्या केंद्रावर क्षेपणास्त्र पडलं, उरलेला वायू वापरता येऊ नये म्हणून. ते कुठल्या देशाच्या जहाजावरून सुटलं, हे आजही कुणी सांगत नाही. सरकार कोसळलं. मग बंदर परक्या कंपन्यांकडे गेलं, निवडणुका पुढे पुढे ढकलल्या गेल्या, शुद्धीकरण केंद्र काही पुन्हा उभं राहिलं नाही, आणि वाचवलेली माणसं टँकरचं पाणी पिऊन कॉलऱ्याने मरू लागली.

हे सगळं कळत गेलं तसतशी चौथऱ्याशेजारच्या लिंबाखाली रोज सभा भरू लागली. माझे वडील, आबा, निवृत्त हवालदार. चौथरा रोज सकाळी झाडायचं काम त्यांचं. विरोध त्यांनीच केला, स्वतःच्या मुलाला.

"लढाई कुनाशी झाली?" आबांनी विचारलं.

"तिथल्या सरकारशी," दादा म्हणाला.

"त्या सरकारनं आपल्यावर चाल केलती?"

"नाही आबा. त्यांनी स्वतःच्या लोकांवर गॅस सोडला. बायकापोरं मेली. आम्ही वाचवायला गेलो."

"मग चांगलंच हाय की," सुभेदारनाना यादव मध्ये पडले. गावात त्यांचा हुद्दा सगळ्यात मोठा. "परक्याच्या लेकरापायी मरायचं, ह्याच्याहून मोठी लढाई कंची आसती?"

"आन् बंदर?" आबा म्हणाले. "लेकरं वाचवाय गेल्याली मानसं बंदर धरून का बसल्यात? शेजाऱ्याचं घर पेटलं म्हनून इझवाय जायाचं आन् त्येच्याच माजघरात बिऱ्हाड थाटायचं?"

टीव्हीवरही हेच चाललं होतं, फक्त तिथे माणसं कोट घालून भांडत होती. शेवटी निकाल असा लागला की माती टाकायची नाही आणि कालवायचीही नाही. डबी देवळाच्या कोनाड्यात गेली. त्या दिवसापासून दादाने लिंबाखाली बसणं सोडलं. मला आबांचा राग आला होता. पोराची फुप्फुसं त्या बेटावर राहिली, आणि ह्यांना व्याख्या हव्या होत्या.

मी मातीतच काम करते. म्हणजे मातीतल्या जिवाणूंवर. आबा लोकांना सांगतात, "पोरगी पुन्याला चिखल तपासती."

जिवाणूंवरही विषाणू हल्ले करतात. हल्ल्यातून जिवाणू वाचला तर तो त्या विषाणूचा एक तुकडा कापून आपल्या डीएनएमध्ये खोचून ठेवतो, पुन्हा आला तर ओळखावा म्हणून. नवा तुकडा नेहमी एकाच टोकाला बसतो. गजरा गुंफताना जसं नवं फूल दोऱ्याच्या एकाच बाजूला येतं, तसं. त्यामुळे गजरा पाहून सांगता येतं की आधी कोण आलं आणि मागून कोण.

हे शास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होतं. आमच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं. मातीत असंख्य विषाणू झोपलेले असतात. मातीला धक्का बसला की ते जागे होतात, आणि प्रत्येक धक्क्याला जागा होणारा विषाणू वेगळा. क्लोरीन पडला की एक उठतो, स्फोटकाची रसायनं पडली की दुसरा. आसपासचे जिवाणू दोघांचे तुकडे क्रमाने ओवून ठेवतात. माती सुकली की घड्याळ थांबतं आणि क्रम तसाच राहतो. आता तळहाताएवढ्या यंत्रात चमचाभर माती घातली की अशा लाखो माळा वाचता येतात. आम्ही हे शोधलं ते कारखान्यांचं सांडपाणी पकडायला. लढाई आमच्या डोक्यातही नव्हती.

ती आणली मारिलने. तिरंब्याच्या शुद्धीकरण केंद्राचे अभियंता जोआकीम तेलू यांची ही मुलगी, पेशाने नर्स. आमचा शोधनिबंध वाचून तिने मला व्हिडिओ कॉल केला. वायू सोडण्याचा हुकूम अमलात आणला म्हणून, सरकार कोसळल्यावर नेमलेल्या न्यायाधिकरणात तिच्या वडिलांना फाशीची शिक्षा झाली होती आणि शेवटचं अपील चालू होतं.

"बाबा म्हणतात, आदल्या संध्याकाळी गॅस सुटलाच नव्हता," ती म्हणाली. "ती चित्रफीत दुसरीकडची होती. टाक्या फुटल्या त्या पहाटे, क्षेपणास्त्राने. आधी गॅस की आधी स्फोट, एवढाच प्रश्न आहे. तुमचं यंत्र हेच सांगतं ना?"

"सांगतं. पण माती त्याच वेळची हवी. नंतरची चालणार नाही."

"तिथली सगळी माती खरवडून नेली, मॅडम. वर काँक्रीट ओतलं. त्या पहाटेची माती कुणाकडे असेल?"

मला एक पितळी डबी दिसत होती. आबांनी अडवली नसती तर ती माती केव्हाच बाकीच्या युद्धांत मिसळून गेली असती.

मी गावी गेले तर तिथे वेगळीच गडबड. दादाच्या तुकडीतला तेजस शेलार हा आमच्याच गावचा पोरगा त्या पहाटे वायूने गेला होता. दादाने त्याची शवपेटी घरी आणली होती. तेजसची आई, सुवर्णाकाकू, आता आबांच्या पायाशी येऊन बसली होती. माझ्या लेकाची माती आली न्हाई, सुहासची तीच त्येची, ती तरी चौथऱ्याला लागूद्या, असं तिचं म्हणणं. तिच्यापुढे आबांचं तत्त्व टिकलं नाही. येत्या खंडेनवमीला शस्त्रपूजेच्या वेळी डबी फोडायची असं ठरलं. दादा कितीतरी दिवसांनी लिंबाखाली बसला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. तेलूंबद्दल, मारिलबद्दल. एकदा चिखलात कालवली की ती माती वाचता येणार नाही, हेही.

"मग घे की चमचाभर," दादा म्हणाला. "त्यात काय विचारायचं? आधी गॅसच होता. मी डोळ्यांनी बघितलाय. उतरलो तेव्हा गुडघ्याएवढा पिवळट धूर होता. मास्क कमी पडले म्हणून तर तेजस गेला." मग म्हणाला, "तो तेलू खोटं बोलत असेल तर तेही निघेल ना यातून?"

"निघेल."

त्याने स्वतः मेण फोडलं, माझ्या बाटलीत माती ओतली आणि पुन्हा मेण लावलं.

पुण्याला येऊन मी माती वाचली. यंत्रावर विश्वास बसेना म्हणून सहकाऱ्याच्या यंत्रावर पुन्हा वाचली. स्फोटकाचं फूल आधी होतं, क्लोरीनचं त्याच्या मागून. वायू आदल्या संध्याकाळी सुटला असता तर क्लोरीन आधी असलेल्या हजारो माळा मिळायला हव्या होत्या. तशी एकही नव्हती. तेलू खरं बोलत होते. आणि तेजसला मारलं ते आपल्याच बाजूच्या क्षेपणास्त्राने.

हे दादाला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी पुन्हा गावी गेले. आम्ही दोघं परड्यात शेवग्याखाली बसलो आणि मी सांगून टाकलं. तो शेवग्याच्या शेंगा मोडत राहिला.

"यंत्र चुकत नाही?"

"यंत्र राहू दे दादा. तूच सांग. त्या रात्री वारा होता?"

"समुद्रच तो. रात्रभर होता. बोटी हेलकावत होत्या."

"मग आदल्या संध्याकाळचा धूर पहाटेपर्यंत गुडघ्याएवढा साचून कसा राहिला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न त्याला नवा नव्हता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. इतके दिवस त्याने तो कुठेतरी पुरून ठेवला होता आणि मी जाऊन उकरला होता.

"मयू, सुवर्णाकाकूला मी काय सांगितलंय माहितंय? पेटी उतरवली तेव्हा तिनं माझी गचांडी धरलेली. माझं पोरगं कशापायी गेलं, म्हणाली. मी म्हणालो, काकू, परक्याची लेकरं वाचवताना गेला. त्याच्यावर ती जगतीय. तिला आता जाऊन सांगू का, आपल्याच लोकांनी मारला, आन् वाचवायला तिथं कोण मरतच नव्हतं?"

"दादा, एक माणूस फासावर जाणार आहे. माती कुठली, कधीची, हे उचलणाऱ्याने शपथेवर सांगितलं तरच कोर्ट ती धरणार. उचलणारा तू आहेस. दुसरं कुणी सांगूच शकत नाही."

त्याला खोकला आला. खोकून झाल्यावर तो म्हणाला, "येतो मी. शपथेवर सांगीन."

मला हायसं वाटलं. लंगडीत स्वतःहून बाद होणारा माणूस तो. तो आला म्हणजे काम झालं, असंच मी धरून चालले. मारिललाही तसं कळवून मोकळी झाले.

जिल्ह्याच्या गावी एका सभागृहात पडदा लावला होता आणि मारुआचं न्यायाधिकरण पडद्यावर होतं. सुनावणी सगळीकडे दिसत होती; वाडीत देवळापुढेही लोक मोबाइल धरून बसले होते. पडद्याच्या एका कोपऱ्यात तेलू दिसत होते. किरकोळ अंगाचा, चष्म्याची काच सदऱ्याला पुसत बसलेला माणूस. दादा गणवेशात, छातीवर पदकं लावून उभा राहिला तेव्हा त्यांनी घाईघाईने चष्मा चढवला.

आधी मी निष्कर्ष सांगितले. मग सरकारी वकिलाने दादाला विचारलं, "ही माती तुम्ही कुठून उचलली?"

दादाने खोकून घेतलं, माझ्याकडे बघितलं नाही. आवाज मात्र खणखणीत होता.

"छावणीच्या फाटकापाशी. परत निघायच्या दिवशी."

मला वाटलं, दुभाषा काहीतरी गोंधळ करतोय. पण दादा तर मराठीतच बोलत होता.

"तुमच्या बहिणीने सांगितलं, गावाच्या नियमानुसार पहिल्या पावलाची माती असते."

"नियम आहे साहेब. पाळत कोणी नाही. सगळे फाटकावरचीच आणतात. मीही तीच आणली."

पडद्यावर तेलूंनी दुभाष्याला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. दुभाष्याने पुन्हा सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मी उठून उभी राहिले. "माझा भाऊ खोटं बोलतोय," मी म्हणाले. "ती माती किनाऱ्यावरची आहे. छावणी टेकडीवर होती. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो टेकडी चढत नाही. मग फाटकावरच्या मातीत तो आला कुठून?"

"माती उचलली तेव्हा आपण तिथे होतात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही."

"मग बसा. स्वतःच्याच साक्षीदाराला खोटं पाडणारी तज्ज्ञ आम्ही आजवर पाहिली नव्हती."

आम्ही एकाच गाडीने परत निघालो. फाट्यावर उतरताना तो एवढंच म्हणाला, "तेजसच्या आईला मी रोज बघतो, मयू. तेलूला मी ओळखतसुद्धा नाही."

"मी ओळखते त्याच्या मुलीला," मी म्हणाले. तो उतरून निघून गेला. आयुष्यात एकदाच तो रेषेवर पाय देऊन खेळत राहिला होता, आणि तो डाव कुणाचा होता?

तेलूंना गणपतीच्या दिवसांत फाशी दिली. मारिलचा फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिने मला बोलू दिलं नाही.

"तुमचे भाऊ औषध घेतात का?" तिने विचारलं. "सुनावणीत त्यांचा खोकला ऐकू येत होता. मी नर्स आहे. किनाऱ्यावरच्या वस्तीत अजून सगळे तसंच खोकतात. टेकडीवर, छावणीपाशी, असं कुणीच खोकत नाही." मग तिने फोन ठेवला. पुन्हा कधी केला नाही.

खंडेनवमीला मी गावी गेले, का गेले ते मला सांगता येणार नाही. वाटलं होतं, फाटकावरची माती म्हणून चौथऱ्याला आता ती लावणार नाहीत. झालं भलतंच. सुभेदारनानांनी दादाच्या पाठीवर थाप मारली.

"आरं, आमची तरी कुठली? फाटकावरचीच की! ह्या पोरानं जगासमोर कबूल क्येलं, आमाला चार भिंतीत जमलं न्हाई," ते हसत म्हणाले आणि सगळे म्हातारे हसले. इतके दिवस न घेतलेली माती त्यांनी एका खोट्यावर आनंदाने घेतली. हसले नाहीत ते एकटे आबा.

तलवारी, जुन्या बंदुका मांडल्या होत्या, झेंडूच्या माळा चढल्या होत्या. दादाने डबी फोडली. सुवर्णाकाकूने त्या मातीला हात लावून डोळ्यांना लावला आणि ती चिखलात सोडली. दादा गुडघ्यावर बसून चौथऱ्याचा पूर्वेकडचा कोपरा लिंपत होता. त्याला खोकला लागला, काकूला वाटलं हुंदका. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. एक माणूस निर्दोष होता, याचा पुरावा त्या चिखलात मिसळत होता आणि गाव टाळ्या वाजवत होतं. माझ्याजवळची बाटली अजून प्रयोगशाळेत आहे. पण साक्षीदार नसलेल्या मातीला कोर्टात धुळीइतकीही किंमत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी निघाले तेव्हा आबा चौथरा झाडत होते. नेहमीसारखे पश्चिमेकडून सुरू झाले, दक्षिणेची बाजू केली, उत्तरेची केली. पूर्वेच्या कोपऱ्यापाशी आल्यावर थांबले. तिथे पाला पडलेला होता. त्यांनी तो तसाच ठेवला, केरसुणी लिंबाला टेकवली आणि घरी चालू लागले.

दादा देवळाच्या पायरीवर बसला होता. आबा त्याच्याकडे न बघता समोरून गेले. लंगडीत स्वतःहून बाद होणारं पोर माती कुठली आणेल, हे बापाला सांगावं लागत नाही.

आता गावाहून फोन येतो तेव्हा वहिनी सांगते, अजून तसंच चाललंय. आबा तीन बाजू झाडतात. ते गेले की दादा उठतो, तीच केरसुणी घेतो आणि आपला कोपरा झाडतो. धूळ उडाली की त्याला खोकला लागतो, मग जरा वेळ चौथऱ्याला धरून उभा राहतो, आणि पुन्हा झाडतो.